चार शब्द

निरोप समारंभ असो की एकसष्टी, हारतुरे झाले की सूत्रसंचालक सत्कारमूर्तींकडे वळून म्हणतो, 'आता आपण चार शब्द बोलावेत.' ते चार शब्द कधीच चार नसतात. आयुष्यभराचं साठलेलं असतं, माणूस अर्धा तास बोलतो, आणि त्यानं बोलावंच.

एडविन कॉलिन्स या स्कॉटिश गायकाकडे मात्र २००५ साली बोलायला खरोखरच चार गोष्टी उरल्या होत्या. फेब्रुवारीत त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, काही दिवसांत पुन्हा झाला. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि भाषा गेली. पुढचे कित्येक आठवडे त्याच्या तोंडून जे येई त्याची मोजदाद करायला एका हाताची बोटंही जास्त होती. 'हो'. 'नाही'. 'ग्रेस मॅक्सवेल', म्हणजे बायकोचं पूर्ण नाव. आणि एक अख्खं वाक्य : 'शक्यता अनंत आहेत.' इतकं सगळं वाहून गेलं, तर मग हेच वाक्य मागे का राहिलं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. काहीही विचारलं तरी या चारांपैकीच काहीतरी यायचं.

आज त्याच्याविषयी लिहायचं कारण असं की, हाच माणूस २०२५ साली निरोपाच्या दौऱ्यावर निघाला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्याचा दहावा एकल अल्बम आला आणि शरदात ब्रिटनभर फिरून रसिकांचा शेवटचा निरोप घ्यायचं त्यानं जाहीर केलं. दौऱ्याचं नाव 'टेस्टिमोनियल टूर'. ब्रिटनमध्ये एखाद्या फुटबॉलपटूनं वर्षानुवर्षं एकाच क्लबाची सेवा केली की त्याच्या सन्मानार्थ एक सामना भरवतात, त्याला टेस्टिमोनियल म्हणतात. आपल्याकडे क्रिकेटमधल्या बेनिफिट मॅचची आठवण असलेल्यांना हे चटकन कळेल. शरदातच, २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिन येतो. या दिवशी वर्तमानपत्रांतून लक्षणांची चौकट छापून येते, आणि ती यायलाच हवी. पण झटका येऊन गेल्यानंतर घरात जो माणूस परत येतो त्याच्याविषयी आपण फार कमी बोलतो. कॉलिन्सची गोष्ट खरं तर तिथून पुढची आहे.

तरी आधीची सांगायलाच हवी, कारण काय गेलं हे कळल्याशिवाय काय उरलं ते कळणार नाही.

एडविनचा जन्म २३ ऑगस्ट १९५९चा, एडिंबरोमधला. बालपण डंडीत गेलं आणि किशोरवयात तो ग्लासगोला आला. पक्ष्यांचं वेड लहानपणापासूनचं. हातात चित्रकला होती, त्यामुळे ग्लासगोच्या उद्यान खात्यासाठी त्यानं चित्रकार म्हणून कामही केलं. १९७६ साली शाळेतल्या मित्रांबरोबर काढलेल्या बँडचं नाव होतं नू-सॉनिक्स, तीन वर्षांनी त्याचं झालं ऑरेंज ज्यूस. संत्र्याचा रस! त्या काळच्या बँडांची नावं ऐकली की हे नाव किती धीटपणाचं होतं ते लक्षात येतं. पंक संगीतानं नुकताच ब्रिटनमध्ये धुमाकूळ घातला होता. सेफ्टी पिना, चामड्याची जाकिटं, प्रेक्षकांनी मंचावरच्या बँडवर थुंकणं, असा सगळा दांडगाईचा मामला. त्या दांडगाईच्या पाठोपाठ जी पिढी आली तिच्या संगीताला 'न्यू वेव्ह' हे नाव पडलं. पंकनं दिलेली 'आपलं आपण करा' ही हिंमत तिनं घेतली, पण तो राग तिला सक्तीचा वाटेना. या पिढीतही ऑरेंज ज्यूसची पोरं वेगळी दिसायची. कपाळावर झुलपं, डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची टोपी, गिटारी जुन्या वळणाच्या आणि गाणी पहिल्या प्रेमाच्या लाजेची. समोरचे टगे त्यांना बायकी म्हणून हिणवायचे. ती पोरं आणखी हळवं गायची. मला हा त्या काळातला खरा बंडखोरपणा वाटतो.

१९८०च्या सुमारास अ‍ॅलन हॉर्न नावाच्या विशीतल्या तरुणानं ग्लासगोच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या राहत्या जागेतून पोस्टकार्ड रेकॉर्ड्स ही कंपनी सुरू केली. कंपनी म्हणजे काय, तर एक खोली, एक कपाट आणि तबकड्यांची वेष्टनं हातानं घडी घालणारे मित्र. बोधचिन्ह ढोल वाजवणाऱ्या मांजराचं. घोषवाक्य 'तरुण स्कॉटलंडचा आवाज', तेही अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या घोषवाक्यावरून घेतलेलं. ऑरेंज ज्यूसची पहिली तबकडी 'फॉलिंग अँड लाफिंग' जेमतेम हजारभर निघाली. पोस्टकार्ड वर्षा-दीड वर्षात बंद पडलं, पण तेवढ्यात त्यानं एडिंबरोचा जोसेफ के, ईस्ट किलब्राइडच्या रॉडी फ्रेमचा अ‍ॅझ्टेक कॅमेरा आणि थेट ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा गो-बिट्वीन्स अशा बँडांची गाणी काढली. लंडनला न जाता, मोठ्या कंपनीचा उंबरठा न झिजवता स्कॉटलंडच्या एका भाड्याच्या खोलीतून आपल्या आवाजात गाता येतं, हे त्या मांजराच्या ढोलानं पुढच्या कित्येक पिढ्यांना सांगितलं.

कॉलिन्सचा आवाज जाड, घशातून येणारा, काठावर थोडा डुगडुगणारा. शास्त्रीय अर्थानं सुरेल म्हणता येणार नाही असा. खरी श्रीमंती होती ती शब्दांची. हा मुलगा पुस्तकी शब्द, जुन्या वळणाची वाक्यं, स्वतःच्याच दुःखाकडे तिरक्या नजरेनं पाहणं, हे सगळं तीन मिनिटांच्या गाण्यात कोंबायचा. प्रेमभंग झालाय, पण तो सांगताना शब्दकोशातला नेमका आणि अनपेक्षित शब्द काढल्याशिवाय चैन पडत नाही, असा त्याचा पिंड. मुलाखतींतही तो हजरजबाबी. भाषेत पोहणारा माणूस होता तो.

१९८३ साली 'रिप इट अप' हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. ऑरेंज ज्यूसला एवढं यश पुन्हा मिळालं नाही. या गाण्यात खालून घरंगळत जाणारा जो बेसचा आवाज ऐकू येतो तो माणसानं वाजवलेला नाही, तो रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या रुपेरी यंत्राचा आहे. हे यंत्र १९८१ साली बाजारात आलं, कोणी फारसं घेतलं नाही म्हणून तीनेक वर्षांत बंद झालं, आणि दशकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून उचलून त्यावर अ‍ॅसिड हाउस नावाचा अख्खा संगीतप्रकार उभा केला. पण त्याआधी ज्या गाण्यांतून ते लोकप्रिय यादीत वर पोचलं, त्यांत ऑरेंज ज्यूसचं गाणं अगदी सुरुवातीचं. आणि इथे थोडं थांबून मुंबईचं एक नाव घेतलंच पाहिजे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली हेच यंत्र मुंबईत आणून त्यावर भूपाळी, भैरवी, यमनची गती बांधली आणि दहा रागांचा एक डिस्को अल्बम केला. तेव्हा तो खपला नाही. वीस-पंचवीस वर्षांनी युरोपातल्या संग्राहकांना तो सापडला आणि सगळे थक्क झाले. एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन माणसं त्याच वर्षांत, ज्याला बाजारानं टाकाऊ ठरवलं त्या यंत्रात गाणं शोधत होती.

ऑरेंज ज्यूसमधली माणसं बदलत गेली. झिंबाब्वेत जन्मलेला झीक मान्यिका ढोलांवर आला, आणि त्याच्या तालानं त्या गिटारींना नवीन पाय फुटले. तरी १९८५पर्यंत बँड संपला होता. पुढची नऊ-दहा वर्षं कॉलिन्स जवळपास विस्मरणात गेला. मोठ्या कंपन्यांना त्याच्यात रस उरला नव्हता. या काळात त्याची मॅनेजर झाली ग्रेस मॅक्सवेल, नंतर तीच बायको. १९९४ साली सेटांटा या छोट्या कंपनीनं त्याचा 'गॉर्जस जॉर्ज' अल्बम काढला, त्यातलं 'अ गर्ल लाइक यू' पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोचलं, अमेरिकेतही पहिल्या चाळिसांत गेलं. सेक्स पिस्टल्सचा पॉल कुक त्यावर वाजवतो आहे. ज्या पंकच्या दांडगाईकडे पाठ फिरवून एडविन गायला लागला त्याच पंकचा ढोलकरी! त्या एका गाण्याच्या पैशातून लंडनमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. जुनी, जड, दिव्यांनी तापणारी यंत्रं त्याला प्रिय होती. तिथे तो स्वतःची गाणी करी, दुसऱ्यांची ध्वनिमुद्रित करून देई.

मग २००५चा फेब्रुवारी. त्या आठवड्यात त्याला बरं वाटत नव्हतं. पोटात काही बाधलं असावं असं त्याला वाटलं. दोन दिवसांनी तो कोसळला. तो त्या वेळी ४५ वर्षांचा होता. कवटी उघडून शस्त्रक्रिया झाली, नंतर जंतुसंसर्ग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया. रुग्णालयात सहा महिने गेले.

पक्षाघात दोन तऱ्हांचा असतो. बहुतेकांना गाठीनं रक्तवाहिनी बंद होऊन होतो, थोड्यांना ती फुटून. कॉलिन्सची फुटली होती. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, जीभ अडखळणं. कोणता आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून 'सकाळी बघू' म्हणायचं नसतं. फुटण्यामागे बहुतेक वेळा वाढलेला रक्तदाब असतो, जो दुखत नाही आणि म्हणूनच मोजला जात नाही. चाळिशीनंतर रक्तदाब मोजून घ्या, हे कितीही वेळा लिहिलं तरी जास्त होणार नाही.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेक माणसांची भाषाही तिथेच वसलेली असते. त्यामुळे उजवं अंग गेलं की वाचाही जाण्याचा धोका मोठा. याला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदानं एक रुग्ण तपासला. तो वर्षानुवर्षं 'टँ' एवढंच बोलू शकत होता. समजत त्याला बरंच होतं, खुणा करी, चिडे, पण तोंडातून एकच अक्षर. तो वारल्यावर ब्रोकानं त्याचा मेंदू पाहिला आणि डाव्या बाजूचा पुढचा एक भाग नासलेला सापडला. त्या शोधाला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली. तरीही वाचाघात झालेल्या माणसाला 'याला काही कळत नाही' असं त्याच्यासमोरच म्हणणारे नातेवाईक घरोघर आहेत.

हे मी वाचून सांगत नाही. माझ्या आत्याला पक्षाघात झाला तेव्हा मी तिच्या पलंगाशी बसत असे. भेटायला येणारं प्रत्येक माणूस आधी आवाज चढवायचं, जणू ती बहिरी झाली होती. मग परीक्षा सुरू. 'हे काय आहे? सांग बरं. आणि मी कोण?' तिच्या तोंडून प्रत्येक वस्तूला एकच शब्द येई, 'वाटी'. चष्मा दाखवला तरी वाटी, भाऊ दाखवला तरी वाटी. आपण चुकतो आहोत हे तिला कळत होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसायचं आणि ती तोंड भिंतीकडे करायची. एकदा संध्याकाळी शेजारच्या खोलीत कोणी तरी रामरक्षा म्हणायला लागलं आणि आत्या या खोलीत, छताकडे बघत, त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. जोडाक्षरांसकट, एकही श्लोक न चुकता. आम्ही सगळे धावत आलो. संपल्यावर मी विचारलं, 'आत्या, पाणी देऊ?' ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'वाटी.'

वैद्यकाला हे नवं नाही. वाचा गेलेल्या माणसाला पाठ असलेली प्रार्थना म्हणता येते, अंक मोजता येतात, आणि गाता येतं. १७४५ सालीच ओलोफ दालिन यानं स्वीडनमध्ये अशा एका माणसाची नोंद करून ठेवली आहे, जो बोलू शकत नव्हता पण भजनं गाऊ शकत होता. बोलणं मुख्यतः डाव्या मेंदूचं काम असलं तरी सुरात उजव्याचाही मोठा वाटा असतो, आणि पाठांतर वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनच्या तज्ज्ञांनी यावर उपचाराची एक रीत बसवली. साधं वाक्य चालीवर म्हणायचं, त्याच वेळी रुग्णाच्या डाव्या हातानं ताल धरायचा, आणि हळूहळू चाल काढून घेत वाक्य बोलण्यापर्यंत आणायचं. सगळ्यांना लागू पडत नाही, पण काहींना पडतं.

कॉलिन्सलाही वाक्य जुळवता येत नव्हतं तेव्हा जुनं गाणं गाता येत होतं. पण यात भुलण्यासारखंही एक आहे, आणि आमच्या घरात आम्ही त्यालाच भुललो. रामरक्षा ऐकून आम्हाला वाटलं, आता आत्या बोलणार. दोन दिवस वाट पाहिली, मग आशा सोडली. गाणं येणं म्हणजे भाषा परत येणं नव्हे. गाणं म्हणजे फक्त एक उघडी राहिलेली खिडकी. दाराचं काम वेगळं करावं लागतं, रोज, कंटाळवाणं, बालवाडीसारखं.

ते काम ग्रेसनं केलं. २००९ साली तिनं या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, नाव ऑरेंज ज्यूसच्या त्या पहिल्या तबकडीचंच. उपशीर्षकात 'रिस्टोरेशन' असा शब्द आहे. मराठीत त्याला जीर्णोद्धार म्हणावं लागेल. देवळाच्या जीर्णोद्धारात जुना दगड टाकून देत नाहीत. जो शाबूत आहे तो तिथेच ठेवतात, तडा गेलेल्याला आधार देतात, आणि जिथे दगडच उरलेला नाही तिथे नवा घडवून बसवतात. जाणकाराला जोड दिसतो, आणि दिसला तर बिघडत नाही.

वाचा-उपचारांत चित्रांचे पत्ते, लहान मुलांची पुस्तकं, एकेक अक्षर गिरवणं असं सगळं होतं. पण एडविननं स्वतः हाती घेतलेलं पहिलं काम म्हणजे चित्र. उजवा हात गेला होता, म्हणून डाव्यात पेन्सिल धरली आणि एक बदक काढलं. विजन जातीचं. (हेच बदक उत्तरेकडची थंडी चुकवून हिवाळ्यात आपल्याकडे नांदूरमधमेश्वरला उतरतं, नाशिककर पक्षिमित्रांना त्याची पिवळसर कपाळपट्टी ओळखीची असेल.) ते पहिलं बदक ओबडधोबड होतं, लहान मुलानं काढावं तसं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरा पक्षी काढला. तिसऱ्या दिवशी तिसरा. रोज एक. एका ओळीनं ती चित्रं पाहिली की बोलण्याच्या खूप आधी हात कसा परत शिकला ते उघड दिसतं. चोच ठाम होते, पिसांच्या रेषा सुटतात, डोळ्यात जीव येतो. २००८ साली लंडनमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

आणि गिटार. आयुष्यभर वाजवलेली गिटार एका हातानं कशी वाजवायची? डाव्या हाताला कॉर्ड आठवत होत्या. तारा छेडणारा उजवा हात तेवढा नव्हता. तर ग्रेस त्याच्या शेजारी बसे. तो डाव्या हातानं पट्टीवर कॉर्ड धरी, आणि ती आपल्या उजव्या हातानं तारा छेडी. एक वाद्य, एक गाणं, दोन माणसांचे दोन हात.

झटक्याआधीच मुद्रित होऊन पडलेला 'होम अगेन' अल्बम २००७ साली बाहेर आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एडविन पुन्हा मंचावर उभा राहिला. पण ती जुनी गाणी होती. नवीन गाणं करणं ही खरी परीक्षा. लिहिता येत नव्हतं, म्हणून सुचलेली ओळ टेपरेकॉर्डरमध्ये बोलून ठेवायची. २०१०चा 'लूझिंग स्लीप' असा झाला. गिटारवादक जॉनी मार, गायक अ‍ॅलेक्स कॅप्रानोस आणि पोस्टकार्डच्या दिवसांतला रॉडी फ्रेम हे सोबतीला आले. त्यानंतर २०१३ साली 'अंडरस्टेटेड', २०१९ साली 'बॅडबे' आणि २०२५चा 'नेशन शॅल स्पीक अन्टु नेशन'. या शेवटच्या नावामागे बीबीसीचं जुनं ब्रीदवाक्य आहे. राष्ट्रानं राष्ट्राशी शांतीचं बोलावं असं ते ब्रीद. कॉलिन्सनं त्यातला 'शांती' शब्द काढून टाकला. उरलं फक्त बोलणं. ज्याला स्वतःच्या बायकोला 'पाणी दे' म्हणायला कित्येक महिने झगडावं लागलं, त्या माणसानं हे नाव निवडलं, हे लक्षात ठेवून तो अल्बम ऐकावा.

या नंतरच्या गाण्यांचे शब्द साधे आहेत. लहान वाक्यं. मी घाबरलोय. मला कळत नाही. मी अजून आहे. अशा तऱ्हेचं थेट बोलणं. विशीतल्या एडविनचे चाहते कधी कधी हळहळतात की ती शब्दांची आतषबाजी गेली. गेली हे खरंच आहे, आणि ती हानी आहे, तिला वरदान म्हणण्याचा अगोचरपणा करू नये. आजार कोणाचा गुरू नसतो. पण मला ही नंतरची गाणी अधिक जवळची वाटतात. पूर्वी तो दहा शब्दांतून एक निवडत असे आणि निवडीची चमक दिसे. आता एकेक शब्द खणून काढावा लागतो, आणि खणून काढलेला शब्द कोणी वाया घालवत नाही. आवाज मात्र तोच राहिला. तोच जाड, काठावर डुगडुगणारा. म्हणजे जे दागिने होते ते गेले आणि आवाजाखालचं हाड दिसलं.

'तो परत आला' असं त्याच्याविषयी सगळीकडे लिहितात. हे मला पटत नाही. परत कोणी येत नाही. आणि घरातल्या रुग्णाकडून आपण नेमकं हेच मागत राहतो, की तू पूर्वीसारखा हो. तो पूर्वीसारखा होत नाही, मग सहा महिन्यांनी घरचे थकतात, वाचा-उपचार बंद होतात, फिजिओथेरपी तेवढी चालू राहते कारण चालणं दिसतं. बोलणं सुधारतंय हे दिसायला वर्षं लागतात. कॉलिन्सचं बोलणं झटक्यानंतर दहा-पंधरा वर्षांनीही सुधारतच होतं. आपल्याकडे वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञ तयार होतात, मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतून ते भेटतात, पण तालुक्याच्या गावी पक्षाघात झालेल्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत. शासनानं जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर ही पदं निर्माण करावीत आणि भरावीत. माणूस ज्या भाषेत रडला, भांडला, त्याच भाषेत त्याचा उपचार व्हायला हवा. वऱ्हाडातल्या आजीला मुंबईच्या पुस्तकातले शब्द शिकवून चालणार नाही. तिला 'वावर' हा शब्द परत मिळाला पाहिजे.

आणि घरच्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की, थांबा. तो शब्द शोधत असतो तेव्हा तुम्ही पुरवू नका. दहा मोजा, वीस मोजा. कॉलिन्सच्या मुलाखती पाहाव्यात. तो थांबतो, डोळे मिटतो, हात हलवतो, शब्द जवळ येतो, निसटतो, पुन्हा येतो. ग्रेस शेजारी बसलेली असते. तिला तो शब्द माहीत असतो. ती गप्प राहते.

लंडन सोडून आता ती दोघं स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, सदरलंडच्या किनाऱ्यावरच्या हेल्म्सडेल या मासेमारीच्या गावी राहतात. एडविनच्या आजोबांचं घर तिथलं, लहानपणी सुट्टीत तो इथे यायचा. गावाच्या वर टेकडीवर त्यांनी क्लॅशनॅरो नावाचा स्टुडिओ बांधला. खिडकीतून समुद्र दिसतो. हे गावच मुळात हाकलून दिलेल्या माणसांचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदारांनी मेंढ्यांसाठी खोऱ्यांतली कुळं उठवली, घरं मोकळी केली, आणि त्या शेतकऱ्यांना किनाऱ्यावर आणून मासेमारी शिका म्हणून सांगितलं. एडवर्ड लव्हलेस आणि जेम्स हॉल यांनी एडविनवर २०१४ साली केलेला माहितीपट याच परिसरात फिरतो. त्याचं नाव 'द पॉसिबिलिटीज आर एंडलेस', म्हणजे त्या चारांतलं तेच अख्खं वाक्य. सुरुवातीचा बराच वेळ पडद्यावर पाणी, धूसर तुकडे, अर्धवट आवाज. प्रेक्षकालाच काही अर्थ लागत नाही. मग हळूहळू चेहरे येतात.

हेल्म्सडेलच्या उत्तरेला थोड्या अंतरावर, समुद्रात तुटून पडणाऱ्या कड्याच्या डोक्यावर बॅडबे आहे. खोऱ्यांतून उठवलेली काही कुटुंबं जागा मिळेल तिथे म्हणून या उतारावर येऊन राहिली. वारा इतका की कामाला जाताना आया आपली पोरं दोरीनं खडकाला नाहीतर खुंटाला बांधून ठेवत. गुरंही बांधत, कोंबड्याही. नाहीतर कड्यावरून खाली. अशा जागी माणसं कित्येक दशकं राहिली. १९११ साली शेवटचा रहिवासी गेला. त्याच वर्षी न्यूझीलंडला गेलेल्या एका कुटुंबाच्या वंशजानं तिथे पडक्या घराचे दगड वापरून एक स्मारक उभारलं, त्यावर राहणाऱ्यांची नावं आहेत. बाकी आता गवत आणि कमरेएवढ्या भिंती.

२०१९च्या अल्बममध्ये एडविननं या गावावर गाणं केलं. विशीतल्या एडविननं या जागेला शोभून दिसेल असं एखादं लांबलचक, देखणं नाव शोधलं असतं. या एडविननं अल्बमलाही गावाचंच नाव दिलं. बॅडबे.